निकालपत्राची भाषा

निकालपत्र ही संहिताच, म्हणून तीही वाचावी. १९७२ साली देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. भयापोटी देह स्वाधीन करणे म्हणजे संमती नव्हे, हे उच्च न्यायालयाने ओळखले होते. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने ते फिरवले : अंगावर जखमा नाहीत, म्हणजे विरोध नव्हता!

आपली प्रस्थापित समीक्षा वेगळे काय करते? दलित स्त्रीच्या आत्मकथनात ती किंकाळी शोधते. सापडली नाही की ‘अनुभव सपाट’ म्हणून मोकळी. १९८३ साली कायदा बदलला. कोठडीतल्या बलात्कारात संमती नव्हती, हा स्त्रीचा शब्द न्यायालयाने गृहीत धरायचा. समीक्षकांवर असे बंधन नाही.

रत्नागिरीत वर्गात हा निकाल वाचला, तेव्हा मागच्या बाकावरून प्रश्न आला, “सर, पोलिसांविरुद्ध ओरडायचं ते कोणाला ऐकू जावं म्हणून?”