घड्याळ, राष्ट्रगीत आणि शांतता

गेल्या वर्षी माझ्या दोन्ही कानांत यंत्रे आली. ज्यांना ती आहेत त्यांना सांगायला नको, की यंत्र माणसाचा आवाज वाढवते तसा भांड्यांचा आणि फ्रिजचाही वाढवते. इथे अर्विंगला विमानतळ शेजारीच आहे. विमान डोक्यावरून गेले की समोरच्याचे अर्धे वाक्य गळते. चित्रपट पाहताना तोच त्रास. नायिका रडू लागली की व्हायोलिने सुरू होतात आणि ती काय बोलते ते कळतच नाही. नातवाने पडद्यावर इंग्रजी अक्षरे लावून दिली. त्यात कंसात येते, ‘दुःखी संगीत’. अरे, दुःख कळले होते, शब्द हवे होते!

ही म्हातारपणाची कुरकुर म्हणून मी गप्प बसले असते. पण हिवाळ्यात ‘कुंकू’ पुन्हा पाहिला, आणि वाटले की चूक माझ्या कानांचीच नाही.

बोलपट आला तेव्हा आवाज ही दिग्दर्शकाची डोकेदुखी होती. १९३१ च्या ‘आलम आरा’चे लेखक जोसेफ डेव्हिड पेणकर आपल्याच समाजाचे, हे वाचकांना ठाऊक आहेच. त्या बोलपटाचे चित्रीकरण बहुतेक रात्री उशिरा होई, कारण स्टुडिओ रेल्वेच्या रुळांजवळ होता आणि दिवसा गाड्यांचा खडखडाट ध्वनिमुद्रणात येई. बाहेरचे जग ऐकू येऊ द्यायचे नाही, अशी ती सुरुवात. सहाच वर्षांनी, १९३७ मध्ये, प्रभातच्या ‘कुंकू’त व्ही. शांतारामांनी नेमके उलट केले. पार्श्वसंगीत काढूनच टाकले आणि घरातले, रस्त्यावरचे आवाज ठेवले. गाण्यांनासुद्धा साथ हाताशी असलेल्या वस्तूंची.

नीरेला, म्हणजे शांता आपटेंना, मामाने फसवून म्हाताऱ्या विधुर वकिलाशी लावून दिले आहे. काकासाहेबांचे काम केशवराव दात्यांनी केले. ती त्यांना नवरा मानायला तयार नाही. दोघे एका घरात, बोलणे नाही, आणि भिंतीवर जुने लंबकाचे घड्याळ. लहानपणी आईबरोबर हा चित्रपट पाहिला तेव्हा मला काकासाहेबांचा नुसता राग आला होता. आता सत्तरी ओलांडल्यावर त्याच घड्याळाने त्यांची कीव आली. व्हायोलिन असते तर त्याने आधीच सांगून टाकले असते की कोणाची बाजू घ्यायची. घड्याळ कोणाचीच बाजू घेत नाही. नीरेला ते वाया चाललेले तारुण्य मोजून दाखवते, काकासाहेबांना उरलेले दिवस. आवाज एकच, ज्याच्या मनात जे आहे ते त्याला ऐकू येते. (मध्येच नीरा लाँगफेलोची इंग्रजी कविता गाते, ती मात्र मला आजही उपदेशाची वाटते. मी स्वतः शिक्षिका असूनही!)

नव्या मंडळींत हे नागराज मंजुळे यांना उमगले आहे. ‘फँड्री’ (२०१३) मध्ये जब्याचे कैकाडी कुटुंब गावाचे डुक्कर पकडत आहे. शाळेतली मुले बघताहेत, हसताहेत, आणि जिच्यावर जब्याचा जीव आहे ती मुलगीही त्यांत आहे. तेवढ्यात शाळेतून राष्ट्रगीत सुरू होते. सगळे होते तिथे ताठ उभे राहतात. डुक्कर तेवढे मोकळे.

योम हझिकारोनच्या सकाळी दोन मिनिटे भोंगा वाजतो तेव्हा इस्राएलमध्ये रस्त्यावरच्या गाड्या कशा थांबतात, ते तुम्ही अनुभवले आहे. तिथे सगळ्यांचे दुःख एक असते. इथे बावन्न सेकंद सगळे सारखे उभे, आणि गीत संपताच पुन्हा तीच पळापळ, तेच हसणे. जब्याला काय वाटले असेल हे सांगायला दिग्दर्शकाने एकही स्वर जादा घातलेला नाही. मी वर्गात कितीदा ‘सावधान’ म्हटले आहे! त्या दृश्यानंतर तो शब्द आठवून मन खट्टू झाले.

‘सैराट’ (२०१६) बद्दल माझे मत जरा दुभंगलेले आहे. पहिल्या भागातली गाणी हॉलिवूडच्या मोठ्या वाद्यवृंदासह ध्वनिमुद्रित केलेली आहेत. इतका थाट मला जास्त वाटला. पण नंतर आर्ची आणि परश्या हैदराबादेला पळून जातात आणि गाण्यांचा भर ओसरतो. भोवती सगळी तेलुगू. परक्या भाषेच्या गलक्यात माणूस किती एकटा पडतो, हे लोद, दिमोना, अश्दोदला उतरलेल्या वाचकांना मी काय सांगू?

ज्यांनी हा चित्रपट पाहिला नसेल त्यांनी पुढचा परिच्छेद सोडावा.

शेवटी शेजारीण बाळाला घेऊन दाराशी येते. आत आईबाप मारले गेले आहेत. मूल त्यांच्याजवळ जाते, रडते आणि रक्ताची पावले उमटवत बाहेर येते. या वेळी आवाज पूर्ण बंद आहे. मुलाचे रडणेही ऐकू येत नाही. माझ्या यंत्राची बॅटरी संपली असे समजून मी कानाला हात लावला. मग मुलीकडे पाहिले. तिने रिमोट उचलला होता. टीव्ही तर बिघडला नाही ना, म्हणून.

‘कुंकू’ यूट्यूबवर आहे. प्रत जुनी आहे, खरखर फार. यंत्राचा आवाज थोडा कमी करून पाहावा.