कारणदर्शक इंग्रजी शब्दसंग्रहाचे अध्यापन : शहापूर-मुरबाड परिसराच्या संदर्भात एक चिकित्सा

विषयप्रवेश

शालान्त परीक्षेपर्यंत 'शास्त्रीय कारणे लिहा' हा प्रश्न मराठीतून सोडविणारा विद्यार्थी अकरावीच्या विज्ञान शाखेत येताच तीच कारणे इंग्रजीतून लिहू लागतो. शहापूर व मुरबाड या ठाणे जिल्ह्यातील ग्रामीण तालुक्यांत हे स्थित्यंतर विशेष अवघड ठरते. येथील अनेक विद्यार्थी मराठी माध्यमातून आलेले असतात. ठाकूर व कातकरी वस्त्यांवरील मुलांची घरची बोली तर प्रमाण मराठीहूनही वेगळी असते. महाराष्ट्रात सन २००० पासून इयत्ता पहिलीपासून इंग्रजी शिकविले जाते. म्हणजे महाविद्यालयाच्या दारात येणाऱ्या विद्यार्थ्याच्या पाठीशी दहा वर्षांचे इंग्रजी असते. तरीही कारण सांगताना त्याच्या हाती बहुधा 'बिकॉज' आणि 'सो' हे दोनच शब्द उरतात. यावर उपाय म्हणून त्याला समानार्थी शब्दांची यादी दिली जाते. प्रस्तुत लेखात या रूढ उपायाची चिकित्सा केली आहे.

यादीची उपयुक्तता व मर्यादा

'बिकॉज, सिन्स, ॲज, ड्यू टू, ओइंग टू, देअरफोर, हेन्स' अशी यादी परीक्षेच्या दृष्टीने निरुपयोगी नाही. वाक्यरूपांतराच्या प्रश्नात ती गुण मिळवून देते. हॅलिडे व हसन यांनी 'कोहीजन इन इंग्लिश' (१९७६) या ग्रंथात वाक्यांना सांधणाऱ्या दुव्यांच्या चार प्रकारांत कारणदर्शक दुव्यांना स्वतंत्र स्थान दिले आहे, हे पाहता या शब्दांकडे लक्ष देणे योग्यच आहे. दोष आहे तो शब्द एका ओळीत मांडण्यात. त्या मांडणीमुळे सर्वांचे कार्य एकच असल्याचा समज दृढ होतो आणि विद्यार्थी एका शब्दाच्या जागी दुसरा बेधडक ठेवतो.

अध्यापनाचा भरही कित्येकदा चुकीच्या जागी पडतो. फाउलर यांनी १९२६ च्या आपल्या प्रसिद्ध कोशात 'ड्यू टू'चा 'ओइंग टू'प्रमाणे होणारा वापर सदोष ठरविला होता. पुढे तो वापर प्रमाण इंग्रजीत रूढ झाला. वर्गात मात्र या सूक्ष्म भेदावर तास खर्च होतो आणि विद्यार्थ्याची खरी चूक तशीच राहते.

चुकांचे मूळ

ती चूक अशी : 'धरण भरल्यामुळे दरवाजे उघडले' या वाक्याचे इंग्रजी 'ड्यू टू द डॅम वॉज फुल' असे होते. हे केवळ अज्ञान नव्हे. मराठीतील 'मुळे' हे अव्यय नामाला लागते, तसेच क्रियापदापासून साधलेल्या धातुसाधितालाही लागते. 'पावसामुळे' आणि 'भरल्यामुळे' या दोन्ही रूपांत मराठी भाषकाला एकच शब्द दिसतो. इंग्रजीत मात्र येथे वाट दुभंगते. नाम असेल तर 'ड्यू टू' किंवा 'बिकॉज ऑफ', आणि पूर्ण वाक्य असेल तर 'बिकॉज'. हा भेद 'पावसामुळे भात आडवे झाले' आणि 'पाऊस पडल्यामुळे भात आडवे झाले' ही दोन वाक्ये फळ्यावर शेजारी लिहून काही मिनिटांत स्पष्ट करता येतो.

दुसरी चूक 'सिन्स' आणि 'देअरफोर' एकाच वाक्यात योजण्याची. तिचे मूळ 'ज्या अर्थी... त्या अर्थी' या जोडरचनेत आहे. मराठीला जोडीतील दोन्ही पदे चालतात, इंग्रजीला एकच पुरते. बोलण्यात ऐकू येणारे 'व्हाय बिकॉज' हेही 'का, तर' या मराठी लकबीशी तंतोतंत जुळते. 'म्हणून' हा शब्द तर परिणाम आणि हेतू दोन्ही सांगतो. 'पाणी आटले म्हणून विहीर खोदली' येथे 'सो' योग्य आहे. 'पाणी मिळावे म्हणून विहीर खोदली' येथे 'सो दॅट' किंवा 'इन ऑर्डर टू' हवे.

कारण आणि पुरावा

याहून गंभीर प्रश्न आशयाचा आहे. ईव्ह स्वीट्सर यांनी १९९० च्या ग्रंथात घटनेचे कारण आणि अनुमानाचा आधार यांतील भेद 'बिकॉज'च्या उदाहरणांनी विशद केला. तो विज्ञानाच्या प्राध्यापकांनाही महत्त्वाचा वाटावा. 'निळा लिटमस लाल झाला, त्या अर्थी द्रावण आम्लधर्मी आहे' असे मराठीत म्हणणारा विद्यार्थी अचूक बोलतो, कारण 'त्या अर्थी' हे शब्द अनुमान दर्शवितात. तोच विद्यार्थी 'द सोल्यूशन इज ॲसिडिक बिकॉज द लिटमस टर्न्ड रेड' असे लिहितो, तेव्हा लिटमस लाल झाल्याने द्रावण आम्लधर्मी बनले, असा उलटा अर्थ निघण्यास वाव राहतो. येथे 'द लिटमस टर्न्ड रेड, देअरफोर द सोल्यूशन मस्ट बी ॲसिडिक' अशी रचना अनुमान स्पष्ट करते. यादीत 'बिकॉज' आणि 'देअरफोर' शेजारी असतात, परंतु पुरावा कोणता आणि कारण कोणते, हे यादी सांगत नाही. अशा उत्तरावर परीक्षक 'संकल्पना अस्पष्ट' असा शेरा देतो. वास्तविक संकल्पना स्पष्ट असते, तिला इंग्रजी वाट मिळालेली नसते.

मातृभाषेच्या आधाराचा प्रश्न

इंग्रजीच्या तासाला मराठी आणू नये, हा आक्षेप येथे घेतला जाईल. मराठीतून विचार करण्याची सवय लागते, ही त्यामागील भीती अगदी निराधार नाही. तथापि वर उल्लेखिलेल्या चुका मराठीला वर्गाबाहेर ठेवल्यानेच अदृश्य राहतात. शालेय मराठी व्याकरणात परिणामबोधक व कारणबोधक उभयान्वयी अव्यये विद्यार्थी शिकलेला असतो. मोरो केशव दामले यांचे 'शास्त्रीय मराठी व्याकरण' १९११ पासून अभ्यासकांपुढे आहे. 'दारूपायी घर बुडाले' यातील 'पायी' दोषारोप करते, 'गुरुकृपेने पास झालो' यातील 'कृपेने' ऋण मान्य करते आणि अर्जातील 'सबब विनंती' औपचारिकता सांभाळते. कारणाच्या इतक्या छटा ज्याला अवगत आहेत, त्याला शब्दसंग्रहात दरिद्री मानणे अन्यायाचे आहे.

समारोप

म्हणून शब्दयादीऐवजी कार्यानुसार वर्गीकरण करावे : नामरूप कारण, वाक्यरूप कारण, परिणाम, हेतू, अनुमान. प्रत्येक गटाची सुरुवात परिसरातील मराठी वाक्याने व्हावी. हे काम एकट्या इंग्रजी विभागाचे नाही. मराठी विभागाने रचना पुरवाव्यात आणि विज्ञान व सामाजिक शास्त्रांच्या प्राध्यापकांनी उत्तरपत्रिकांतील खरी वाक्ये पुरवावीत. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४ नुसार प्रशासकीय निर्णयाची कारणे बाधित व्यक्तीला कळविणे सार्वजनिक प्राधिकरणांवर बंधनकारक आहे. कारण विचारणे आणि कारण सांगणे हा ज्या समाजात नागरिकत्वाचा भाग आहे, तेथे उच्च शिक्षणाच्या भाषेत ते सांगता न येणे ही केवळ व्याकरणाची उणीव राहत नाही.