तणनाशकाचे ‘विघटन’ : एका शब्दाचे परीक्षण

मातीतील अथवा सांडपाण्याच्या गाळातील जिवाणूंकरवी तणनाशकांचे प्रदूषण दूर करण्याविषयीचे प्रबंध वाचताना ‘विघटन’ हा शब्द वारंवार भेटतो. प्रयोगाने काय सिद्ध केले हे तो सांगतो की झाकतो, याचा विचार करणे हा प्रस्तुत टिपणाचा हेतू आहे. उदाहरणादाखल मका व उसाच्या पिकांत वापरले जाणारे ॲट्राझिन घेऊ.

१९९५ साली मँडेलबाऊम, ॲलन व वॅकेट यांनी तणनाशक सांडून दूषित झालेल्या मातीतून मिळालेल्या ‘स्यूडोमोनास एडीपी’ ह्या जिवाणूचे वर्णन प्रसिद्ध केले. ॲट्राझिनमधील नत्रावर तो वाढतो. त्याचे पहिले विकर रेणूतील क्लोरीन काढून हायड्रॉक्सिॲट्राझिन बनवते. पुढील दोन विकरे बाजूच्या शाखा तोडून सायन्यूरिक आम्लापर्यंत येतात. उरलेली तीन विकरे वलय फोडून कार्बन डायऑक्साइड व अमोनिया मोकळा करतात. म्हणजे ‘विघटन’ ह्या एकाच शब्दात सहा पायऱ्या सामावल्या आहेत. केवळ मूळ ॲट्राझिनचे मापन करणारा संशोधक पहिल्या पायरीनंतर डोळे मिटून घेतो, असेच म्हणावे लागेल.

हा आक्षेप केवळ शाब्दिक नव्हे. शेवटच्या तीन विकरांच्या जनुकांचे नियमन नत्राच्या टंचाईशी निगडित आहे. प्रयोगशाळेत ही टंचाई आपण मुद्दाम निर्माण करतो. पण खत घातलेल्या शेतात किंवा अमोनियाने भरलेल्या गाळात ती कोठून असणार? तेथे पहिल्या पायऱ्या पार पडूनही शेवटच्या पायऱ्या रेंगाळण्याचा संभव असतो. चंचुपात्रातील यशावरून शेताविषयी निष्कर्ष काढणे म्हणूनच धोक्याचे होय.

याउलट, २००० साली प्रसिद्ध झालेला दक्षिण डकोटातील क्षेत्रप्रयोग अनुकरणीय आहे. तेथे पहिले विकर धारण करणाऱ्या, जनुकीय बदल केलेल्या ‘एश्चेरिशिया कोलाय’च्या मृत पेशी मातीत मिसळण्यात आल्या. आठ आठवड्यांत ॲट्राझिन ५२ टक्क्यांनी, व जोडीला फॉस्फेट दिल्यास ७७ टक्क्यांनी घटले. तुलनेच्या वाफ्यांत लक्षणीय घट झाली नाही. पेशी मृत असल्याने बदललेला जिवाणू मोकळा सुटण्याचे भय नव्हते, आणि तुलनेचे वाफे असल्याने घटीचे श्रेय कोणास द्यावयाचे हेही स्पष्ट होते. तथापि हे एकच विकर क्लोरीन काढते, वलय फोडत नाही. तेव्हा ह्या आकड्यांना संपूर्ण खनिजीकरण म्हणता येणार नाही.

आमच्या विद्यार्थ्यांपुढे म्हणून तीन अपेक्षा ठेवाव्याशा वाटतात. निर्जंतुक मातीचा तुलनाप्रयोग असावा. मध्यवर्ती पदार्थांचेही मापन व्हावे. आणि खनिजीकरणाचा दावा करावयाचा तर वलयात किरणोत्सारी कार्बन घालून तो वायुरूपाने किती बाहेर पडला हे दाखवावे. हे न जमल्यास ‘ॲट्राझिन घटले’ एवढेच लिहावे. त्यात कमीपणा नाही. विहिरीचे पाणी पिणारा मनुष्य आपल्या शब्दावर विसंबणार आहे, एवढे स्मरण पुरे.