मॉक ऑब्जेक्ट आणि स्थानिवद्भाव : एक चिकित्सा

आज्ञावलीची परीक्षा घेण्याच्या शास्त्रात गेल्या पंचवीस वर्षांत जी एक पद्धती दृढमूल झाली, तिचा विचार भाषाशास्त्राच्या अंगाने करावा, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. आज्ञावलीचा लहानसा घटक इतरांपासून अलग करून तपासणे, यास युनिट टेस्टिंग म्हणतात. परंतु घटक सहसा एकटा नसतो. तो कोशाला विचारतो, घड्याळाला विचारतो, दूरच्या यंत्राकडे निरोप धाडतो. मग त्याला अलग करावयाचे कसे?

या प्रश्नाची दोन उत्तरे परस्परांस पूरक आहेत. पहिले, डिपेंडन्सी इंजेक्शन. घटकाने आपला सहकारी स्वतः निर्माण करू नये, तो त्याला बाहेरून पुरविला जावा, असे हे तत्त्व. हे नाव मार्टिन फाउलर यांच्या २००४ मधील लेखाने रूढ झाले. दुसरे, मॉक ऑब्जेक्ट. ही कल्पना २००० साली टिम मॅकिनन, स्टीव्ह फ्रीमन व फिलिप क्रेग यांनी आपल्या निबंधात मांडली. खऱ्या सहकाऱ्याच्या जागी परीक्षक एक बदली बसवितो. ही बदली ठरलेल्या प्रश्नाला ठरलेले उत्तर देते आणि अपेक्षित प्रश्न न आल्यास परीक्षा असफल ठरविते. पहिल्या तत्त्वाने जागा मोकळी होते; दुसऱ्याने ती भरली जाते.

एकाच्या जागी दुसरे ठेवून त्याला पहिल्याचे अधिकार देणे, ही युक्ती आपल्या परंपरेला अपरिचित नाही. पाणिनीने ज्याची जागा घेतली जाते त्यास स्थानी व जो जागा घेतो त्यास आदेश मानून, अष्टाध्यायीच्या पहिल्या अध्यायातील पहिल्या पादाच्या ५६ व्या सूत्रात या व्यवहाराचा नियम सांगितला आहे. आदेश हा स्थानीप्रमाणे मानावा. मात्र जेथे कार्य वर्णावर अवलंबून असेल तेथे तसे मानू नये, असा त्याचा आशय. उपसर्ग असता क्त्वा या प्रत्ययाच्या जागी ल्यप् येतो आणि क्त्वाची व्याकरणिक पदवी त्यास लाभते. परंतु ‘पठित्वा’ या रूपातील इकार क्त्वाच्या आरंभीच्या तकारामुळे येतो. ल्यप् च्या ठायी तो तकार नाही, आणि तो आहे असे मानण्याची परवानगीही नाही. म्हणून ‘प्रपठ्य’ मध्ये इकार येत नाही. भूमिकेचा वारसा मिळतो, द्रव्याचा मिळत नाही. मॉक ऑब्जेक्टच्या साहित्यात ज्या विवेकाची उणीव भासते, तो नेमका हाच होय.

एक अनुभव नमूद करतो. मराठी शब्दरूपांचे विश्लेषण करणारी एक आज्ञावली आम्ही विद्यार्थ्यांसह रचीत होतो. ‘वाऱ्याने’ हे रूप घ्यावे, ‘ने’ हा प्रत्यय सोडवावा, ‘वाऱ्या’ हे सामान्यरूप कोशाकडे न्यावे आणि ‘वारा’ हा मूळ शब्द मिळवावा, असा तिचा क्रम होता. कोश मोठा व संथ असल्यामुळे विश्लेषकाला परीक्षेपुरता मॉक कोश देण्यात आला. ‘वाऱ्या’ असे विचारले असता ‘वारा’ असे सांगावे, इतकेच त्यास शिकविले होते. सर्व परीक्षा उत्तीर्ण झाल्या. खरा कोश जोडताच मात्र ‘वाऱ्याने’, ‘दुसऱ्याला’, ‘कोऱ्या’ ही सारी रूपे अनोळखी ठरली.

दोष वर्णाचा होता. युनिकोडमध्ये ऱ हे अक्षर दोन प्रकारे लिहिता येते : ०९३१ या एकाच संकेतांकाने, अथवा ०९३० या संकेतांकाचा र लिहून त्यास नुक्ता जोडून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. युनिकोडच्या नियमानेही ते तुल्य आहेत. परंतु प्रसामान्यीकरण केल्याशिवाय यंत्राला ते एक वाटत नाहीत. परीक्षा व मॉक एकाच हाताने, एकाच कळफलकावर लिहिलेले. खरा कोश दुसऱ्या परंपरेतला. आम्ही कोशाची परीक्षा घेतली, असा आमचा समज होता. वस्तुतः आमच्याच गृहीतकाला आमच्याच गृहीतकाची साक्ष काढली होती.

यावरून मॉक ऑब्जेक्ट त्याज्य ठरवावयाचे काय? तसे आम्हांस वाटत नाही. कोशाला एकदाच विचारले की दहादा, उत्तर न आल्यास विश्लेषक काय करतो, संपर्क तुटल्यास स्वतःला सावरतो की कोसळतो, हे प्रश्न भूमिकेचे आहेत. त्यांची परीक्षा मॉकने उत्तम होते. किंबहुना खऱ्या कोशाला हवे तेव्हा बिघडविता येत नसल्यामुळे ती एरवी कठीणच असते. मॅकिनन व फ्रीमन यांनी नॅट प्राइस व जो वॉल्न्स यांच्यासह २००४ मध्ये लिहिलेल्या दुसऱ्या निबंधात मॉक वस्तूचा नव्हे, तर भूमिकेचा करावा, असे शीर्षकातच सांगितले आहे. जो प्रकार आपल्या मालकीचा नाही त्याचा मॉक करू नये, असाही इशारा त्यांनी दिला. अनुयायांनी तंत्र उचलले, इशारा मागे ठेवला. जेरार्ड मेझारोस यांनी २००७ च्या ग्रंथात डमी, स्टब, स्पाय, मॉक व फेक असे बदलींचे पाच प्रकार पाडले. हे वर्गीकरण उपकारक आहे. परंतु बदली कशी वागते यावर ते आधारलेले आहे. प्रश्न कोणत्या जातीचा आहे, हे त्यावरून कळत नाही.

डेव्हिड हाइनमायर हॅन्सन यांनी २०१४ मध्ये याहून तीव्र आक्षेप घेतला : परीक्षेच्या सोयीसाठी रचनाच विकृत होते. यात तथ्य आहे. केवळ मॉक बसावा म्हणून पाडलेली फट ही रचनेची गरज नव्हे. परंतु आमच्या विश्लेषकाला कोश बाहेरून मिळत होता, म्हणूनच दोष उघड झाल्यावर तीच परीक्षा खऱ्या कोशावर अर्ध्या दिवसात चालविता आली. जागा मोकळी ठेवणे हा गुण होता. ती नेहमी एकाच बदलीने भरणे हा प्रमाद होता.

मराठीत मॉकला ‘तोतया’ म्हणावे, अशी सूचना कोणी करील. पानिपतानंतर उद्भवलेल्या भाऊसाहेबांच्या तोतयाचा दावा मात्र आपण स्वतःच भाऊसाहेब असल्याचा होता. मॉकचा असा दावा नसतो. त्याच्या वतीने तो आपण करतो, आणि फसतोही आपणच. ‘आदेश’ ही संज्ञा योग्य झाली असती. परंतु संगणकाच्या व्यवहारात ती कमांड या अर्थी रुळलेली असल्याने घोळ होईल. मॉक हाच शब्द राहू द्यावा.

शब्द कोणताही असो, परीक्षा लिहिण्यापूर्वी विद्यार्थ्याने एक प्रश्न स्वतःला विचारावा : मी जे तपासतो आहे ते भूमिकेवर अवलंबून आहे की वर्णावर? एकक, कालमान, अक्षरसंकेत, क्रमवारी ही सारी वर्णाची कार्ये होत. तेथे आदेश चालत नाही. स्थानीलाच बोलवावे लागते. आणि जेथे मॉक वापरला असेल, तेथे त्याला शिकविलेले प्रत्येक उत्तर खऱ्या सहकाऱ्याकडूनही वेळोवेळी वदवून घ्यावे. आमच्या आज्ञावलीत आता तसे होते. परीक्षांना थोडा अधिक वेळ लागतो, पण ‘वाऱ्याने’ या रूपातून ‘वारा’ हा शब्द हाती येतो.