इंदू मिलचे स्मारक आणि बाटलेला धागा

दादरला चैत्यभूमीशेजारी, ऐन समुद्रकाठी, इंदू मिलच्या सुमारे साडेबारा एकर जागेवर बाबासाहेबांचे स्मारक होत आहे. ही जागा कुणी दान दिलेली नाही. ६ डिसेंबर २०११ रोजी कार्यकर्ते गिरणीत घुसले, तेव्हा सत्ता हलली. ११ ऑक्टोबर २०१५ रोजी भूमिपूजन झाले. त्यानंतर चर्चा झाली ती उंचीची. शंभर फुटी चौथरा, त्यावर साडेतीनशे फुटी पुतळा. पण ज्या जमिनीवर तो उभा राहणार, ती गिरणीची आहे, याचे काय?

आम्हा मावळातल्या लोकांना गिरणी परकी नाही. वळवण, लोणावळा, शिरवत्याच्या धरणांचे पाणी खोपोलीत उतरले आणि १९१५ पासून मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळू लागली. यंत्र नवे आले. माणसाच्या मनातली जात जुनीच राहिली. धोट्यात नवी कांडी घातली की धागा तोंडाने ओढावा लागे. अस्पृश्याच्या थुंकीने तो बाटेल, म्हणून जास्त मजुरीचे विणकाम खाते त्याला बंद! १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी कामगार पुढाऱ्यांना नेमका हाच जाब विचारला.

म्हणून या स्मारकात एक माग हवा, धोटा हवा, आणि हा धागा कोणत्या ओठांना नाकारला होता ते ठळक अक्षरांत लिहिलेले हवे. नाहीतर समुद्राचा वारा खायला येणारा माणूस पुतळ्याला हात जोडेल आणि बाबासाहेबांचा प्रश्न न ऐकताच घरी जाईल.