पिनोकिओ : भुकेकडून सदसद्विवेकाकडे
(कादंबरी व अॅनिमेशनपट यांचा तौलनिक विचार)

प्रास्ताविक :

साहित्यकृतीचे चित्रपटात रूपांतर होताना काय गाळले आणि काय वाढवले याची यादी करणे अवघड नसते. त्या यादीमागील जीवनदृष्टी शोधणे हे समीक्षेचे खरे काम होय. इटालियन लेखक कार्लो कोलोडी यांची पिनोकिओ या लाकडी बाहुल्याची कथा १८८१ पासून मुलांच्या एका साप्ताहिकातून क्रमशः प्रसिद्ध झाली आणि १८८३ मध्ये ती पुस्तकरूपाने आली. वॉल्ट डिस्ने यांच्या स्टुडिओने १९४० मध्ये तिच्यावर अॅनिमेशनपट काढला. आज अनेकांना पिनोकिओ माहीत असतो तो या चित्रपटामुळे. प्रस्तुत लेखात या दोन कृतींची तुलना भूक या एकाच सूत्राच्या आधारे केली आहे.

मूळ कथेतील भूक :

कोलोडींचा जेपेट्टो दरिद्री आहे. त्याच्या खोलीतील पेटलेली चूल आणि तिच्यावर उकळणारे भांडे भिंतीवर रंगवलेले आहे. भुकेलेला पिनोकिओ त्या भांड्याचे झाकण उघडू पाहतो, पण ते चित्र आहे हे कळताच त्याचे नाक चार बोटे वाढते. या क्षणी तो खोटे बोललेला नाही, तो केवळ उपाशी आहे. खोटे बोलल्यामुळे नाक वाढण्याचा प्रसिद्ध प्रसंग बराच पुढे, सतराव्या प्रकरणात येतो. चित्रपटात मात्र नाक वाढते ते फक्त असत्यामुळे. शारीरिक गरजेची खूण अशा रीतीने केवळ नैतिक दोषाची खूण बनते.

जेपेट्टो आपल्या न्याहारीची तीन पेअर फळे पिनोकिओला देतो. साली आणि गाभा नको म्हणणारा पिनोकिओ शेवटी तेही खातो. पुढे मुलाच्या अंकलिपीसाठी जेपेट्टो ऐन थंडीत अंगावरचा कोट विकतो. या कथेतील नीतिबोध उपदेशातून कमी आणि अशा व्यवहारांतून अधिक प्रकटतो.

चित्रपटातील स्थलांतर :

चित्रपटातील जेपेट्टोचे घर घड्याळे, खेळणी, मांजर आणि मासोळी यांनी भरलेले आहे. त्याला उणीव आहे ती अपत्याची, अन्नाची नव्हे. दारिद्र्य येथे पुरते नाहीसे झालेले नाही. ते जिमिनी या रातकिड्याच्या फाटक्या कपड्यांत उरले आहे. उबेच्या शोधात तो या घरात शिरतो. निळी परी त्याला पिनोकिओचा सदसद्विवेक म्हणून नेमते आणि त्याच क्षणी त्याला नवा पोशाख मिळतो. मूळ कथेत कोट विकून शिक्षण मिळवावे लागते, तर येथे नीतिरक्षकाचे पद मिळताच वस्त्रे जादूने येतात. कोलोडींच्या कथेत उपदेश करणाऱ्या रातकिड्याला पिनोकिओ चौथ्याच प्रकरणात हातोडा फेकून मारतो, हेही येथे लक्षात घ्यावयास हवे. भुकेल्या मुलासमोर निव्वळ उपदेश टिकत नाही, ही जाणीव त्या प्रसंगात आहे.

श्रमाचे दोन अर्थ :

हा भेद शेवटी अधिक स्पष्ट होतो. चित्रपटातील परी शौर्य, सत्य आणि निःस्वार्थ वृत्ती या तीन अटी घालते आणि राक्षसी देवमाशापासून वडिलांना वाचवताना प्राण गमावणारा पिनोकिओ मुलगा होऊन जागा होतो. कादंबरीत वडिलांची सुटका झाल्यानंतरही कथा संपत नाही. आजारी वडिलांना पेलाभर दूध मिळावे म्हणून पिनोकिओ पाच महिने पहाटे उठून रहाट फिरवतो. हे काम पूर्वी ज्या गाढवाकडे होते ते मरणपंथाला लागले आहे, आणि ते गाढव म्हणजे त्याचाच शाळासोबती आहे. जो रहाट मित्राच्या मृत्यूला कारण होतो, त्याच रहाटावर पिनोकिओ माणूसपणाला पोहोचतो. श्रमाचे एवढे दुहेरी आकलन बालसाहित्यात क्वचितच आढळते.

चित्रपटाला श्रमाची भीती ठाऊक आहे. भिंतीवरील सावलीतून पूर्ण होणारे लॅम्पविकचे गाढवात रूपांतर आणि त्याने आईला मारलेली हाक हा प्रसंग अॅनिमेशनकलेचा श्रेष्ठ नमुना होय. गाढव झालेली मुले मिठाच्या खाणींत विकली जातात. परंतु त्यानंतर लॅम्पविक कथेतून नाहीसा होतो. श्रम येथे शिक्षा म्हणूनच उरतो. नायकाचा त्याच्याशी संबंध येत नाही.

निष्कर्ष :

यावरून चित्रपट हीन ठरतो असे नव्हे. कादंबरीतील कष्टाचा आग्रह गरीब मुलांना निमूट राबावयास शिकवतो, असा आक्षेप घेता येईल आणि तो निराधार नाही. गिलेर्मो देल तोरो आणि मार्क गुस्ताफसन यांच्या २०२२ च्या अॅनिमेशनपटाने ही कथा मुसोलिनीच्या इटलीत नेऊन आज्ञाधारकपणाच्या मूल्यालाच प्रश्न विचारला. तरीही १९४० च्या चित्रपटाची किंमत नोंदवावी लागते. त्याने चांगुलपणाला पोटापासून वेगळे केले. चांगले वागणे ही निव्वळ अंतःकरणाची बाब मानली, की चुकणाऱ्या मुलाच्या घरात चूल पेटली होती की केवळ रंगवलेली होती, हे विचारण्याचे कारण उरत नाही. वर्गात हे रूपांतर शिकवताना मूलनिष्ठेच्या चर्चेआधी हा प्रश्न मांडला जावा.