भरा, धरा, सोडा

ब्रेक लावण्याच्या कलेचे दोन अस्सल नमुने एकाच ठिकाणी पाहायचे असतील, तर कोपर स्थानकात यावे. खाली मध्य रेल्वेचा मुख्य मार्ग, वरून त्याला ओलांडून जाणारा दिवा–वसई मार्ग. खाली धीमी लोकल थांबते, वरून मालगाडी जाते. दोघींपुढे प्रश्न एकच: ओढणारा पुढे, ओझे मागे, मग मागच्याने केव्हा आणि किती थांबायचे?

घरच्या मोटारीमागे ट्रेलर जोडणाऱ्यालाही हाच प्रश्न पडतो. अमेरिकेत त्यासाठी डॅशबोर्डखाली ब्रेक कंट्रोलर बसवतात. बॅटरीची एक तार, अर्थिंगची दुसरी, ब्रेक पेडलच्या स्विचची तिसरी आणि मागे ट्रेलरकडे जाणारी चौथी. पेडल दाबले की ट्रेलरच्या ड्रममधले विद्युतचुंबक जागे होतात आणि चाके आवळली जातात.

लोकलमध्ये हीच गोष्ट मोठ्या मापात घडते. मोटर कोच गाडी चालवतात. बाकीच्या डब्यांना रेल्वेत ट्रेलर कोच असेच म्हणतात. मोटरमनच्या हाताखालच्या ब्रेक कंट्रोलरमधून निघालेल्या तारा गाडीभर जातात, आणि प्रत्येक डब्याखाली दोन चुंबकी झडपा त्यांचे ऐकतात. एक झडप ब्रेक सिलिंडरची बाहेरची वाट बंद करते, दुसरी त्यात दाबाखालची हवा सोडते. दोन्हींना वीज मिळाली की सिलिंडर भरतो. फक्त पहिलीला मिळाली की भरलेला दाब तसाच धरला जातो. दोन्हींची वीज गेली की ब्रेक सुटतो. भरा, धरा, सोडा: एवढ्या तीन आज्ञांत बारा डबे एकाच क्षणी वागतात. म्हणून थांबताना मागचा डबा पुढच्यावर आदळत नाही. रचनेतली ही काटकसर मला फार सुंदर वाटते.

पण तार तुटली तर? इथे वरच्या मालगाडीचा ब्रेक आठवावा. जॉर्ज वेस्टिंगहाउसने 1872 च्या सुमारास त्याचे तत्त्व सिद्ध केले. गाडीभर जाणाऱ्या नळीत हवेचा दाब कायम असतो. आपल्याकडे तो चौरस सेंटिमीटरला 5 किलो. तो उतरला की प्रत्येक वाघिणीतली साठवलेली हवा आपोआप ब्रेक लावते. जोड निसटला, नळी फाटली, तरी दोन्ही तुकडे थांबतात. बिघाडालाच थांबण्याचा हुकूम मानणारी ही कल्पना यंत्रशास्त्रातली अजोड कल्पना आहे. तिची मर्यादा वेगाची: दाब उतरल्याची वर्दी नळीतून शेवटच्या वाघिणीपर्यंत पोचायला काही सेकंद जातात.

लोकलची थोरवी अशी की तिने दोन्ही राखले. रोजच्या थांब्याला तारेचा ब्रेक. तो दगा देईल तेव्हा पाठीशी हवेचा. नव्या गाड्यांत मोटरच आधी जनित्र होऊन वेग उतरवते आणि वीज वरच्या तारेला परत देते. तरीही हवेच्या ब्रेकला रजा मिळालेली नाही.

कोपरला लोकल थांबताना शेवटचे काही मीटर नीट अनुभवा. उत्तम मोटरमन गाडी पूर्ण थांबण्याआधीच दाब हलका करतो, आणि दारातल्या माणसाचा तोल जात नाही. अशा थांब्याला मनापासून दाद द्या. त्यात यंत्र आणि माणूस दोघांचेही कसब असते.